विद्यार्थी-मार्गदर्शनाचे आद्य प्रवर्तक : फ्रँक पार्सन्स



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? मामू सांगतात, सायन्सला घाला. शेजारचे चाचा म्हणतात, कॉमर्स बरे, नोकरी लवकर लागते. वर्गातला मित्र ज्या रांगेत उभा असेल त्या रांगेत मुलगा जाऊन उभा राहतो. मुलीच्या बाबतीत तर पुष्कळदा घरापासून जवळचे कॉलेज कोणते, एवढाच विचार होतो. ज्याला ते आयुष्य काढायचे आहे त्याला मात्र, तुला काय जमते, काय आवडते आणि त्या कामाची तुला माहिती किती, हे तीन प्रश्न शांतपणे कोणी विचारीत नाही.

हे प्रश्न विचारणे हा कोणाच्या लहरीचा किंवा उपकाराचा भाग नसून ते शाळेचे कर्तव्य आहे, आणि ते नेमलेल्या माणसाकडून, ठरलेल्या पद्धतीने, प्रत्येक मुलासाठी पार पाडता येते, हे ज्या गृहस्थांनी दाखवून दिले त्यांचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहोत. त्यांचे नाव फ्रँक पार्सन्स. अमेरिकेतील बॉस्टन शहर ही त्यांची कर्मभूमी. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून त्यांचा उल्लेख व्यवसाय-मार्गदर्शनाचे जनक असा केला जातो. नवलाची गोष्ट अशी की ज्या कामामुळे त्यांना हा मान मिळाला ते काम करायला त्यांना उणेपुरे एक वर्षही लाभले नाही. त्याआधीची पस्तीस वर्षे त्यांची स्वतःचीच वाट शोधण्यात गेली होती. म्हणूनच हे चरित्र केवळ यशस्वी माणसाचे चरित्र म्हणून न वाचता, वाट चुकलेल्यांचे दुःख ज्याने अनुभवाने ओळखले अशा माणसाचे चरित्र म्हणून वाचावे, अशी विनंती आहे.

हुशार मुलगा, पण वाट सापडेना

फ्रँक पार्सन्स यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८५४ रोजी न्यू जर्सी राज्यातील माउंट हॉली या गावी झाला. मुलगा बुद्धीने तल्लख. लहान वयातच त्यांना कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि वयाच्या अठराव्या वर्षी, १८७३ साली, ते स्थापत्य अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. एका रेल्वे कंपनीत इंजिनिअर म्हणून नोकरीही मिळाली. आजच्या भाषेत बोलायचे तर मुलगा ‘सेट’ झाला, असेच घरच्यांना वाटले असणार.

पण त्याच वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. बँका बुडाल्या, रेल्वे कंपन्यांची दिवाळी निघाली, त्यात पार्सन्स यांची कंपनीही गेली. हातात पदवी आणि खिशात काही नाही, अशी अवस्था झाली. दुसरे काम मिळेना, तेव्हा हा अभियंता लोखंडाच्या कारखान्यात मजूर म्हणून राबू लागला. अंगमेहनतीने पोट भरणारा माणूस दिवसअखेर किती थकतो, आणि त्या थकव्यातून पुढचा विचार करणे किती अवघड असते, हे ते तेथे शिकले. हा धडा पुढे त्यांच्या फार उपयोगी पडला.

त्यानंतर मॅसॅच्युसेट्स राज्यातील साउथब्रिज या गावी ते शाळामास्तर झाले. प्रथम लहान शाळेत, मग हायस्कुलात गणित, चित्रकला आणि फ्रेंच शिकवू लागले. गावातील वादविवाद मंडळात त्यांचे बोलणे ऐकून एका वकिलाने त्यांना कायद्याचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. पार्सन्स यांनी फार थोड्या काळात प्रचंड वाचन करून १८८१ साली वकिलीची परीक्षा दिली आणि ते उत्तीर्णही झाले. पण या अतिश्रमाने प्रकृती पार ढासळली. हवापालटासाठी न्यू मेक्सिकोत जाऊन तीन वर्षे राहावे लागले. बरे होऊन बॉस्टनला परतल्यावर वकिलीची पाटी लावली, तेव्हा लक्षात आले की हा धंदा आपल्या स्वभावाचा नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. उत्तम बोलतो, म्हणून वकील हो, असे त्यांना सांगितले गेले. वकिलाचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, त्यात बोलणे किती आणि कागदपत्रे किती, हे कोणी सांगितले नाही. आपल्याकडेही गणितात गुण चांगले म्हणून इंजिनिअर, पाठांतर चांगले म्हणून डॉक्टर, असाच हिशेब होतो. गुण दिसतात, माणूस दिसत नाही.

पुढे पार्सन्स यांनी एका प्रकाशन संस्थेसाठी कायद्याची पाठ्यपुस्तके सिद्ध करण्याचे काम पत्करले आणि १८९२ पासून बॉस्टन विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयात ते व्याख्याने देऊ लागले. शहराची वीज, पाणी, वाहतूक ही खाजगी मक्तेदारांच्या हाती न राहता नागरिकांच्या मालकीची असावी, असे त्यांचे ठाम मत होते. त्यावर त्यांनी लिहिले, भाषणे केली. १८९५ साली बॉस्टनच्या महापौरपदासाठी निवडणूक लढविली आणि सपाटून पराभव पत्करला. १८९७ साली कॅन्सस राज्याच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले, पण राज्यातील सत्ता बदलताच १८९९ मध्ये राजकीय मतांमुळे त्यांना तेथून दूर करण्यात आले. मिसूरी राज्यातील ट्रेंटन येथील रस्किन कॉलेजातही ते फार काळ टिकले नाहीत.

अभियंता, मजूर, शिक्षक, वकील, लेखक, प्राध्यापक, उमेदवार. एवढ्या पायऱ्या चढून-उतरून वयाच्या पन्नाशीला ते पुन्हा बॉस्टनमध्ये होते. लग्न केले नव्हते, संपत्ती जमविली नव्हती. एखाद्याने त्यांना अपयशी माणूस म्हटले असते तर त्या वेळी फारसे कोणी हरकत घेतली नसती.

नॉर्थ एंडची वस्ती

बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात त्या काळी इटली, रशिया आणि पूर्व युरोपातून आलेल्या गरीब लोकांची दाट वस्ती होती. आईबाप कष्टाळू, पण नव्या देशाची भाषा त्यांना नीट येत नव्हती. शाळेत काय शिकवतात, त्यानंतर काय करता येते, कोणता अभ्यासक्रम कोठे आहे, यातले त्यांना काही माहीत नव्हते. चौदा वर्षे पुरी झाली की मुलाला शाळा सोडण्याची मुभा होती आणि बहुतेक मुले ती घेत. मग पहिला दरवाजा उघडा दिसेल त्यात शिरायचे : निरोप्या, हमाल, गिरणीतला पोऱ्या. सहा महिन्यांनी ते सोडून दुसरे. पंचविशी येईपर्यंत हातात ना कसब, ना शिक्षण.

या वस्तीत सिव्हिक सर्व्हिस हाउस नावाची एक समाजसेवी संस्था होती. पॉलिन अगासिझ शॉ या दानशूर बाईंचा तिला आधार होता. संस्थेचे प्रमुख मेयर ब्लूमफील्ड हे तरुण गृहस्थ स्वतः लहानपणी परदेशातून आलेल्या कुटुंबातले होते. १९०५ साली पार्सन्स यांनी या संस्थेत कामकरी लोकांसाठी संध्याकाळची शाळा सुरू केली. तिचे नाव ब्रेडविनर्स इन्स्टिट्यूट, म्हणजे भाकर मिळविणाऱ्यांची शाळा. दिवसभर राबून आलेले तरुण तेथे इंग्रजी, इतिहास, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र शिकत.

शिकवता शिकवता पार्सन्स यांच्या ध्यानात आले की या तरुणांचे खरे दुखणे वेगळेच आहे. त्यांच्यात बुद्धी आहे, कष्टाची तयारी आहे, पण आपण काय करावे हे ठरविण्याचे साधन त्यांच्याजवळ नाही. १९०६ साली एका व्याख्यानात त्यांनी हा विचार मांडला. माणूस घर बांधताना नकाशा काढतो, व्यापारात पैसा घालताना चार जणांना विचारतो. पण आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय मात्र अंधारात उडी मारावी तसा घेतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे हायस्कूल सोडणाऱ्या मुलांना संस्थेत बोलावून त्यांच्याशी बोलणी झाली. पुष्कळ मुलांचे काहीच ठरलेले नव्हते. ज्यांचे ठरले होते त्यांना कारण सांगता येत नव्हते. बोलणे संपल्यावर काही मुले मागे रेंगाळली आणि एकांतात भेटण्याची वेळ मागू लागली. भूक किती मोठी आहे, हे तेव्हा सर्वांना कळून चुकले.

मार्गदर्शन केंद्राची स्थापना

१३ जानेवारी १९०८ रोजी बॉस्टन येथे व्होकेशन ब्यूरो या नावाने मार्गदर्शन केंद्र सुरू झाले. पार्सन्स त्याचे संचालक. १ मे १९०८ रोजी त्यांनी आपला पहिला अहवाल सादर केला. तोवर ८० स्त्री-पुरुषांनी केंद्राचा लाभ घेतला होता. सर्वांत लहान पंधरा वर्षांचा आणि सर्वांत वडील बहात्तर वर्षांचा! बहात्तराव्या वर्षी जो माणूस आपल्या जन्माचे काम कोणते असे विचारायला येतो, त्याला पंधराव्या वर्षी कोणी भेटले असते तर काय झाले असते, याचा विचार पालकांनी अवश्य करावा.

केंद्राची कार्यपद्धती साधी पण कसोशीची होती. पहिल्या भेटीत थोडे बोलणे होई आणि मुलाला एक लांबलचक प्रश्नावली दिली जाई. तीत शंभराहून अधिक प्रश्न असत. कुटुंबाची स्थिती, प्रकृती, वाचन, फावला वेळ कसा जातो, कोणते विषय आवडतात, कोणते जड जातात, राग येतो का, शब्द पाळतो का, पैसे शिल्लक टाकतो का. ती घरी नेऊन प्रामाणिकपणे स्वतःची तपासणी करायची, आणि आपल्याला नीट ओळखणाऱ्या माणसांनाही आपल्याविषयी विचारायचे. त्यानंतर पुन्हा भेट. हे सर्व बोलणे खाजगी राही.

दुसरा भाग माहितीचा. निरनिराळ्या उद्योगांत काय लागते, पगार किती, बढतीची शक्यता काय, तोटे कोणते, शिक्षण कोठे मिळते, दिवसाचे वर्ग कोणते, रात्रीचे कोणते, याच्या याद्या पार्सन्स यांनी परिश्रमपूर्वक तयार केल्या होत्या. मुलांना ते त्या त्या धंद्यातील माणसांना भेटायला आणि काम डोळ्यांनी पाहायला पाठवीत.

तिसरा भाग म्हणजे पहिल्या दोहोंची सांगड. मी कसा आहे आणि काम कसे आहे, यांचा मेळ घालून निर्णय करणे. येथे पार्सन्स यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळले. निर्णय मुलाने घ्यायचा. सल्लागाराने आरसा धरायचा, दिवा धरायचा. हात धरून ओढायचे नाही.

एका मुलाची हकीकत

त्यांच्या नोंदींतील एक हकीकत सांगण्यासारखी आहे. एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला. त्याला डॉक्टर व्हायचे होते. मुलगा किरकोळ अंगाचा, गाल बसलेले, चेहरा निर्विकार. तासाभराहून अधिक बोलणे झाले, पण त्या अवधीत तो एकदाही हसला नाही. हातात हात दिला तो निर्जीवपणे. स्मरणशक्ती बेताची, वैद्यकाविषयी वाचन नाही, खर्चाची सोय नाही. डॉक्टर का व्हायचे? तर चांगले असते म्हणून.

पार्सन्स यांनी त्याची थट्टा केली नाही, आणि खोटी आशाही दाखविली नाही. डॉक्टराला कोणते गुण लागतात आणि त्यांपैकी तुझ्याजवळ आज कोणते आहेत, याची बेरीज-वजाबाकी त्यांनी त्याच्यासमोर मांडली. हसायला शीक, मोकळे बोलायला शीक, प्रकृती कमाव, वाचन वाढव, असे सांगितले, आणि प्रकृतीला मानवेल अशा दुसऱ्या कामांचाही विचार कर, असे सुचविले. मुलगा नाराज झाला नाही. इतक्या आपुलकीने आणि इतक्या खरेपणाने आपल्याशी कोणी बोलले, याचेच त्याला समाधान वाटले.

अर्थात पार्सन्स यांच्या सर्वच गोष्टी आज ग्राह्य नाहीत. डोक्याच्या व चेहऱ्याच्या ठेवणीवरून स्वभाव ओळखण्याच्या त्या काळच्या कल्पनांवर त्यांचा काहीसा विश्वास होता. शास्त्राने त्या केव्हाच टाकून दिल्या. तासाभराच्या भेटीवरून मुलाची परीक्षा करणेही आज कोणी पुरेसे मानणार नाही. पण आधी मुलाचे ऐकायचे, मग माहिती द्यायची आणि निर्णय त्याच्यावर सोपवायचा, हा त्यांचा क्रम अजून कोणाला बदलता आलेला नाही.

मागे राहिलेले काम

पार्सन्स यांना फार मोठे स्वप्न दिसत होते. हे काम एका केंद्रापुरते न राहता प्रत्येक गावच्या सार्वजनिक शाळांचा भाग व्हावे आणि त्यासाठी शिक्षकांप्रमाणेच सल्लागारांनाही रीतसर शिक्षण मिळावे, असे त्यांनी अहवालात नमूद केले होते. सल्लागारांच्या प्रशिक्षणाची योजनाही त्यांनी आखली. पण शरीर थकले होते. २६ सप्टेंबर १९०८ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, बॉस्टन येथे त्यांचे निधन झाले. केंद्राला तेव्हा नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. त्यांचे ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९०९ साली, प्रसिद्ध झाले.

माणूस गेला, पण काम थांबले नाही, कारण ते माणसावर नव्हे तर पद्धतीवर उभे होते. ब्लूमफील्ड यांनी केंद्राची धुरा उचलली. बॉस्टनच्या शाळाखात्याने केंद्राचे साह्य घेऊन शंभराहून अधिक शिक्षकांना सल्लागाराचे काम सोपविले. १९१० साली बॉस्टनमध्ये या विषयाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि १९१३ साली ग्रँड रॅपिड्स येथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्या ग्रँड रॅपिड्स गावी जेसी डेव्हिस नावाच्या मुख्याध्यापकांनी १९०७ पासूनच एक सुरेख प्रथा सुरू केली होती. इंग्रजीच्या तासालाच मुलांनी आपल्या आवडीनिवडी, स्वभाव आणि निरनिराळे व्यवसाय यांवर निबंध लिहायचे. वेगळी इमारत नाही, वेगळा खर्च नाही. चालू तासातच काम साधले.

आपल्या देशातही हा विचार पोहोचला. मुंबई सरकारने १९५० साली व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले, १९५४ साली दिल्ली येथे केंद्रीय विभाग स्थापन झाला. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने तर मार्गदर्शन हे शिक्षणाचे अविभाज्य अंग असून ते सर्वच विद्यार्थ्यांसाठी असले पाहिजे, असे बजावले. विचार कागदावर आला. तो प्रत्येक वर्गात आणणे हे मात्र आपल्यावर आहे.

आपण काय करावे?

वाचकहो, या चरित्रातून नुसते कौतुक घेऊन उठू नका. आपल्या हायस्कुलात काय करता येईल ते पाहा. त्याला मोठा निधी लागत नाही, व्यवस्था लागते.

पहिली गोष्ट, प्रत्येक मुलाला शाळेत आपला म्हणता येईल असा एक शिक्षक असावा. साठ-सत्तर मुलांच्या वर्गशिक्षकाला हे जमणार नाही. म्हणून मुख्याध्यापकांपासून चित्रकलेच्या शिक्षकांपर्यंत सर्वांनी पंधरा-वीस मुले वाटून घ्यावीत आणि आठवीपासून दहावीपर्यंत शक्यतो तीच मुले त्याच शिक्षकाकडे राहावीत. ओळख व्हायला वेळ लागतो. दरवर्षी माणूस बदलला तर ओळख होतच नाही.

दुसरी गोष्ट, त्यासाठी वेळापत्रकात तास राखून ठेवावा. सवड मिळेल तेव्हा भेटू, असे म्हटले की सवड कधीच मिळत नाही. आणि हा तास पोर्शन पुरा करण्यासाठी कोणी मागितला तर मुख्याध्यापकांनी तो देऊ नये.

तिसरी गोष्ट, प्रत्येक मुलाची एक वही असावी. तीत त्याची आवड, अडचण, घरची परिस्थिती, झालेले बोलणे यांची नोंद असावी आणि ती वही शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय होऊ नये. एकदा विश्वास उडाला की मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

चौथी गोष्ट, माहिती. आय.टी.आय.पासून नर्सिंगपर्यंत, डिप्लोमापासून शिष्यवृत्तीपर्यंतची ताजी माहिती शाळेच्या फलकावर असावी. शाळेचे माजी विद्यार्थी यात फार मोठी मदत करू शकतात. परिचारिका झालेली मुलगी, वायरमन झालेला मुलगा, बँकेत लागलेला मुलगा वर्षातून एकदा येऊन तासभर बोलला तर दहा भाषणांचे काम होईल.

आणि पालकांनो, पाचवी गोष्ट तुमच्यासाठी. नॉर्थ एंडच्या आईबापांना माहिती नव्हती, हा त्यांचा दोष नव्हता. तुम्हालाही सर्व ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. पण शाळा बोलावील तेव्हा या. एका दिवसाची रोजी बुडते हे खरे. मुलाची पाच वर्षे बुडाली तर ती त्याहून महाग पडतात. मुलगी असेल तर तिच्यासाठीही तितक्याच अगत्याने या.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला सांगायचे ते थोडके. शाळेत योजना असो वा नसो, एक कोरी वही घ्या आणि स्वतःविषयी खरे खरे लिहायला आजच आरंभ करा. जे काम करावेसे वाटते ते करणाऱ्या एका तरी माणसाला या सुट्टीत भेटा आणि त्याचा दिवस कसा जातो ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. फ्रँक पार्सन्स यांच्यासारख्या बुद्धिमान माणसाला आपले काम सापडायला वयाची त्रेपन्न वर्षे लागली, आणि सापडल्यावर ते करायला नऊ महिनेसुद्धा मिळाले नाहीत. त्यांनी आपल्या हरवलेल्या वर्षांतून इतरांसाठी रस्ता काढला. त्या रस्त्याचा उपयोग करून आपली वर्षे वाचविणे, हेच त्यांचे खरे स्मरण होय.